तपशिलाचा रकाना

सांगलीच्या मार्केट यार्डातलं अडत दुकान, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणारं. ऐन हळदीचा हंगाम. दिवाणजींनी कीबोर्डवरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले. समोर पडद्यावर दोन बटणं होती, खरेदी आणि विक्री. "ताई, ह्यातलं कुठलं दाबू? आमी हळद कवा घेतली?" पलीकडे फोनवर असलेल्या धाकट्या मालकांनी फोन कानाचा न काढताच सांगितलं, "आधी खरेदी दाबा, मग विक्री दाबा. जुळतंय की सगळं." दिवाणजींनी दाबलं. शेतकऱ्याची हळद दुकानानं विकत घेतली, त्याच दराने लगेच व्यापाऱ्याला विकली, नफा शून्य, अडत वेगळ्या खात्यात. नावे आणि जमा पैशापैशाला जुळले, पडद्यावर हिरवी खूण उमटली. दिवाणजी पुढच्या पट्टीकडे, म्हणजे पुढच्या शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशेबाकडे वळले. ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले, ते मला पंख्याच्या आवाजात ऐकू आलं नाही.

मी तिथे बसले होते ती हे सगळं बघायला. माझं काम प्रोग्राम लिहिण्याचं नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी हात घालण्याआधी त्या धंद्यात नेमक्या कोणकोणत्या गोष्टी नांदतात, कोणाचा कोणाशी काय संबंध, काय घडल्यावर काय बदलतं, हे कागदावर उतरवून द्यायचं. आमच्यात याला मॉडेलिंग म्हणतात. जरा जास्त खोलात गेलं, 'आहे' म्हणजे नक्की काय आहे इथपर्यंत पोचलं, की ऑन्टॉलॉजी म्हणतात आणि बिल वाढतं. दुकानात आधीपासून एक तयार पॅकेज चालू होतं. त्याच्या जागी नवं काय बसवायचं ते ठरवायला मी गेले होते. परतीच्या गाडीत, कराड येईपर्यंत, ती हिरवी खूण डोक्यातून जाईना. जी गोष्ट घडलीच नव्हती तिची नोंद झाली होती आणि हिशेबशास्त्राच्या लेखी तिच्यात एका पैचीही चूक नव्हती.

जुळलं म्हणजे खरं, असं मला कोणीतरी शिकवलं होतं की मीच धरून चालले होते?

अडत दुकान आतून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. पुढे उघडी जागा, तिथे शेतकऱ्यांच्या नावाने लागलेल्या पोत्यांच्या थप्प्या. हळदीची धूळ इतकी की संध्याकाळी रुमाल झटकला तर पिवळा ढग उठतो आणि घशात कडसर चव राहते. हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, कणी वेगळी, प्रत्येकाचा दर वेगळा. सौद्याच्या वेळी व्यापारी पोत्यात हात घालतात, एखादं हळकुंड मोडून आतला रंग बघतात, वास घेतात, बोली लागते. सौदा तुटला, म्हणजे दर पक्का झाला, की माल काट्यावर आणि मग दिवाणजींची पट्टी सुरू. मी बसले होते तेव्हा झालेल्या एका पट्टीचं सांगते. १२ पोती, बारदान वजा जाता ५ क्विंटल ९४ किलो, दर १३,२०० रुपये, रक्कम ७८,४०८. खाली हमाली, तोलाई, आणि मागची उचल, म्हणजे दुकानातून आगाऊ नेलेली रक्कम, वजा. शेतकऱ्याच्या हातात काय पडलं तो आकडा सर्वांत खाली, दोन रेघांच्या मध्ये. या सगळ्या आकड्यांत दुकानाचं स्वतःचं म्हणावं असं अडतीपलीकडे काही नाही. ७८,४०८ रुपये दुकानातून वाहून जातात, दुकानाचे कधीच नसतात. हळदही नसते. दिवाणजी पट्टीच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे छापील रकाना 'तपशील' म्हणतो, तिथे बारीक अक्षरात एक ओळ लिहितात. त्या पट्टीवर लिहिलं होतं : 'उचल निम्मी कापली, निम्मी गड्डा आल्यावर, बोलणे झाले.' संगणकात ही ओळ गेली नाही. तिथे जागा होती, पण ती कोणी भरत नाही, कारण तिच्यावाचूनही हिरवी खूण येते.

मी कॉमर्सची. 'येईल ते नावे, जाईल ते जमा' हे सूत्र परीक्षेआधी आंघोळीच्या वेळी म्हटलेली पिढी. कॉलेजात नावेची बाजू डावीकडे. या दुकानाच्या माळ्यावरच्या लाल कापडी बांधणीच्या जुन्या वह्या उघडल्या तर जमा डावीकडे, नावे उजवीकडे, पानाला सळ घालून पाडलेले रकाने. दिवाणजींना आमची पद्धत उलटी वाटते, मला त्यांची. आणि नोकरीत पहिल्यांदा जेव्हा विल्यम मॅकार्थींचा १९८२ सालचा लेख हातात पडला, तेव्हा त्यांनी डाव्या-उजव्याचं भांडणच मिटवलेलं दिसलं. मॅकार्थी अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातले हिशेबशास्त्राचे प्राध्यापक. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये माहिती मांडण्याची जी चौकटी-रेघांची पद्धत दिली होती, ती त्यांनी हिशेबाला लावली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : नावे, जमा, खाती ही कागदाच्या काळात माहिती साठवायला आणि पुढे पाठवायला तयार झालेली साधनं. धंद्यात मुळात असतात तीन गोष्टी. मोल असलेली वस्तू किंवा पैसा, तो हलवणारी घटना, आणि त्या घटनेतली माणसं. काहीतरी गेलं की त्याच्या बदल्यात काहीतरी येतं, त्या जाण्या-येण्याची जोडी नोंदवा. एवढं जपलं तर खतावणी (खात्यांची वही), तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाक्यांची जुळणी), ताळेबंद हवं तेव्हा हवं तसं त्यातून काढता येईल. इंग्रजी आद्याक्षरांवरून या मांडणीला 'आरईए' म्हणतात. लेख वाचला तेव्हा मला दोन गोष्टी एकदम झाल्या. एक म्हणजे कोंदट खोलीची खिडकी उघडावी तसं वाटलं. दुसरं, थोडा रागही आला. नावे-जमा पाठ करण्यात गेलेली ती सगळी वर्षं हा गृहस्थ साधन म्हणून बाजूला सारत होता.

राग पुढे ओसरला, कारण नावे-जमेची शिस्त काय करते ते दिवाणजींच्या हातात पाहिलं. तेरीज जुळत नाही म्हटल्यावर ते रात्री नऊला परत दुकानात येतात. फरकाला ९ ने भाग जातो का ते आधी बघतात, जातो म्हटल्यावर कुठेतरी आकड्यांची उलटापालट झाली, म्हणून तसल्याच नोंदी आधी तपासतात. ही तपासणी संगणकाने निरर्थक केली, त्याला बेरीज चुकवताच येत नाही. पण तिच्याबरोबर, एकेक नोंद परत बोटाखालून जायची, तेही गेलं. बेरजेची चूक शोधता शोधता गोष्टीची चूकही सापडायची. आता गोष्टीची चूक शोधायला कोणी रात्री येत नाही.

तर पुण्यात परत आल्यावर फळ्यावर चौकटी काढायला घेतल्या. पहिली चौकट हळद. तिला दोन रेघा हव्यात हे लगेच कळलं, मालकी कोणाची आणि ताबा कोणाचा. सौदा तुटेपर्यंत मालकी शेतकऱ्याची, ताबा दुकानाचा. तयार पॅकेजला एकच रेघ माहीत होती, त्यामुळे पोती दुकानात आली म्हणजे दुकानाचा साठा झाला, आणि साठा आला म्हणजे खरेदी झालीच पाहिजे. दिवाणजींचा प्रश्न तिथे अडकला होता. आरईएचंच पुढे आंतरराष्ट्रीय मानक झालं, आयएसओ-आयईसी १५९४४ चा चौथा भाग, २००७ सालचा. त्यात एक गोष्ट मला फार आवडते. व्यवहाराकडे पाहताना घेणाऱ्याच्या किंवा देणाऱ्याच्या दुकानात बसू नका, दोघांच्या मध्ये उभे राहा, असं ते सांगतं. एकाची विक्री म्हणजेच दुसऱ्याची खरेदी, घटना एकच. अडत्या तर पोटापाण्यासाठीच दोघांच्या मध्ये उभा असतो. मानक लिहिणाऱ्यांनी मार्केट यार्ड पाहिलं असण्याचं काही कारण नाही, तरी ती चौकट दुकानाला बेतून शिवल्यासारखी बसली.

माणसांच्या चौकटीशी मात्र आठवडे गेले. टॅली या हिशेबाच्या तयार प्रोग्राममध्ये खाती ठेवायला २८ तयार गट येतात, १५ मुख्य आणि १३ पोटगट. बहुतेक दुकानांत टॅली असतेच, आणि ती १९८६ पासून ज्या चिवटपणे आपल्याकडच्या व्यापाऱ्यांच्या बरोबर राहिली आहे त्याबद्दल मला आदरच आहे. पण खातं काढताना ते ऋणकोंच्या गटात की धनकोंच्या, हे एकदाच ठरवावं लागतं. हळदीचा शेतकरी जूनमध्ये उचल नेतो तेव्हा ऋणको, मार्चमध्ये पट्टी होते तेव्हा धनको, आणि मेमध्ये त्याचं काय ते त्यालाही माहीत नसतं. दुकानांनी काढलेला तोडगा असा की एकाच माणसाची दोन खाती. नाव तेच, पुढे एकात 'उचल', दुसऱ्यात 'पट्टी'. काही जण तिसरंही ठेवतात, खत-औषधाच्या उधारीचं. दिवाणजींना विचारलं, अमुक पाटलांचं एकूण काय निघतं, तर ते तिन्ही खाती न उघडता सांगतात. त्यांच्या डोक्यात पाटील एकच आहेत. ऑन्टॉलॉजीवाले लोक याबाबतीत अगदी काटेकोर असतात. माणूस असणं कायमचं, ऋणको असणं ही त्यानं काही काळ घेतलेली भूमिका, या दोन गोष्टी एका चौकटीत कोंबू नका असं ते ठासून सांगतात. वाचताना ते कीस काढणं वाटतं. एकाच माणसाला तीन वेळा पत्र पाठवणारी वसुलीची यादी पाहिली की वाटत नाही.

उचलीचं प्रकरण त्याहून अवघड निघालं. वरवर पाहता उचल म्हणजे रोख गेली, परत येणे बाकी. कर्ज म्हणून टाका, मोकळे व्हा, असं आमच्यातल्या एकाने सुचवलं. पण कर्जाला हप्ता असतो, मुदत असते, तारण असतं. उचलीला असतो तो शब्द, की हळद याच दुकानात येईल. शेतकऱ्याने पैसे वेळेवर परत केले आणि हळद समोरच्या गाळ्यात घातली, तर हिशेब पूर्ण फिटला असूनही मालक वर्षभर त्याच्याशी बोलत नाहीत. उलट पैसे दोन हंगाम थकले पण माल नेमाने येत राहिला, तर पुढची उचल विनातक्रार मिळते. म्हणजे खातं ज्याचा पाठलाग करतं ती रक्कम, आणि धंदा ज्याचा पाठलाग करतो ते वेगळंच. मॅकार्थी आणि गुइडो गीर्ट्स यांनी पुढे मूळ मांडणीत वचनाची चौकट घातली : अजून घडलेली नाही, पण घडवायची दोघांनी कबूल केलेली घटना. ती चौकट मिळाल्यावर उचल पहिल्यांदा नीट बसली. रोख गेली ही घटना, माल येईल हे वचन, आणि दोन्हींना बांधणारी रेघ. ताळेबंदात वचन कुठेच दिसत नाही, तिथे फक्त बाकी दिसते. दिवाणजींच्या तपशिलाच्या रकान्यात दिसतं. 'गड्डा आल्यावर, बोलणे झाले' हे वचनच आहे, तारखेऐवजी पिकावर टांगलेलं.

या रकान्याने मला पार मागे नेलं. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या फ्रान्सिस्कन साधूचा गणिताचा जाडजूड ग्रंथ छापून झाला. दुहेरी नोंदीची व्यापाऱ्यांत आधीपासून चाललेली रीत त्यात पहिल्यांदा छापील आणि सविस्तर आली. परीक्षेत आपण एवढंच लिहितो. पण पाचोली तीन वह्या सांगतो आणि त्यातली पहिली आपण विसरतो. ती कच्ची वही. घडेल ते घडेल तसं तिच्यात टिपायचं, मालकाने, नोकराने, घरातल्या बाईला लिहिता येत असेल तर तिनेसुद्धा. कोणाकडून, काय, किती, कोणत्या नाण्यात, कोणत्या अटीवर, काही गाळायचं नाही. मग रोजकिर्दीत सगळी नाणी एका चलनात आणायची, नोंदीला नावे-जमेचा साचा द्यायचा, आणि तिथून खतावणी. प्रत्येक पायरीला काहीतरी खाली सांडतं. खतावणीपर्यंत येताना माणसाचं नाव आणि रक्कम उरते. त्या काळी कागद महाग, हात एकच, बेरीज माणसाने करायची, तेव्हा सांडणं भागच होतं. संगणक आल्यावर हे कारण उरलं नाही, तरी आपण थेट खतावणीचाच पडदा बनवला आणि कच्ची वही फेकून दिली. माझं प्रामाणिक मत असं की आरईए, ऑन्टॉलॉजी, या सगळ्या भारदस्त नावांखाली आम्ही मंडळी जी खटपट करतो, ती त्या पहिल्या वहीला परत जागा मिळवून देण्याची आहे. अमेरिकेतले हिशेबशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज सॉर्टर यांनी १९६९ मध्येच लिहिलं होतं की हिशेबनीसाने मूल्य ठरवून, एकत्र करून द्यायची घाई करू नये, घटना द्याव्यात, वापरणारा काय ते ठरवेल. तेव्हा ते कल्पनेतलं होतं, इतक्या घटना ठेवणार कुठे.

पण घटना ठेवल्या म्हणजे खरं कळतं, असंही म्हणता येत नाही. मार्चचा शेवटचा आठवडा मी मुद्दाम दुकानात काढला. ३१ मार्चच्या आत विकास सोसायटीचं पीक कर्ज भरलं तर व्याजाची सवलत मिळते, नाही भरलं तर थकबाकीदार. त्या आठवड्यात शेतकरी दोन-चार दिवसांपुरती उचल मागायला येतात. रोख घेऊन सोसायटीत भरतात, पावती होते, नवं कर्ज मंजूर होतं, त्यातून दुकानाची उचल परत. सगळा महाराष्ट्र याला नवं-जुनं म्हणतो आणि सगळ्या महाराष्ट्राला ते माहीत आहे. आता आरईएच्या चष्म्यातून बघा. रोख गेली, रोख आली, परत गेली, परत आली. चारही घटना खऱ्या, तारीख-वेळेसकट, साक्षीदारांसकट. सोसायटीच्या पुस्तकात वसुली चोख, दुकानाच्या पुस्तकात उचल फिटली. आणि शेतकऱ्याचं कर्ज होतं तिथेच आहे. सुट्या घटना बघून हे दिसत नाही. चौघी एका साखळीत लावल्या, आणि साखळीला हेतू नावाची एक वरची चौकट दिली, तर दिसतं. मी ती चौकट काढली. नंतर बराच वेळ तिच्याकडे बघत बसले, कारण ही चौकट भरून दिली तर ती कोणाच्या हातात पडेल, याचा विचार आराखडा काढताना कोणी सांगत नाही. सरकारने २०२२ मध्ये देशभरातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, त्यात आपल्या सोसायट्याही आहेत. सोसायटीच्या गटसचिवाला तोंडपाठ असलेलं गाव हळूहळू पडद्यावर येईल. नवं-जुनं त्यात कोणत्या नावाने येईल याची मला उत्सुकता आहे. बहुधा वसुली या नावानेच येईल.

हळद कोणाची, हा दिवाणजींचा प्रश्न गावंढळ नाही हे मला उशिरा नाही, पण अनपेक्षित ठिकाणी कळलं. मोठ्या कंपन्यांना १ एप्रिल २०१८ पासून इंड एएस ११५ हे हिशेबाचं मानक लागू झालं. त्यात एक अख्खा भाग आहे तो असा : माल ग्राहकाकडे जाण्याआधी त्यावर तुमचं नियंत्रण होतं का? असेल तर पूर्ण रक्कम तुमचं उत्पन्न. नसेल तर तुम्ही मध्यस्थ, फक्त कमिशन दाखवा. ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपन्या यावर महागडे सल्लागार नेमतात. तपासायच्या खुणांतली एक म्हणजे मालाची जोखीम कोणाची. दिवाणजींना हे विचारल्यावर त्यांनी २००५ चा पूर सांगितला. तेव्हा हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं हळदीचं कोठार, वरून बुजवलेलं. माल आत तसाच राहतो आणि वर कागदावर मालक बदलत राहतो. "पाणी आलं तवा लोक चिठ्ठ्या हुडकाय लागले, की बाबा आज कुणाची हाय." २०१९ ला पाणी पुन्हा आलं तेव्हा दुकानातल्या थप्प्यांवरून तोच शोध. नियंत्रण, जोखीम, ताबा, मालकी, हे चारही शब्द मानकात सुटे सुटे समजावलेले आहेत. दिवाणजींनी ते एका पुरात सोडवले होते.

जीएसटीने तर हळद म्हणजे काय हेच विचारलं. अडत्याची सेवा शेतमालासाठी असेल तर कर नाही. शेतमाल कोणता, तर ज्यावर पुढची प्रक्रिया झालेली नाही, किंवा झालीच तर शेतकरी नेहमी करतो तेवढीच, आणि तिच्याने मालाचं मूळ रूप बदललेलं नाही. हळद शेतकरी शिजवतो, वाळवतो, ड्रममध्ये घालून पॉलिश करतो. ओली हळद कोणी सौद्याला आणत नाही. मग बाजारात येणारी हळद शेतमाल की तयार माल? ओली असेल तर शून्य टक्के, वाळलेली असेल तर ५ टक्के, आणि हा वाद सांगली भागातून अग्रिम निर्णय प्राधिकरणापुढे, म्हणजे कर लागतो का हे आधीच ठरवून देणाऱ्या यंत्रणेपुढे गेला. तिथल्या युक्तिवादांत मूळ रूप, सारभूत गुण, बदल, असले शब्द वाचून मला आमच्या क्षेत्रातल्या परिषदांची आठवण झाली. वस्तू काय आहे हे ठरवण्यावर कर ठरतो, कर ठरला की खातं ठरतं. खात्यापासून सुरुवात केली तर हा प्रश्न कधी भेटतच नाही.

उलट्या टोकाने झालेले प्रयत्नही आहेत. अमेरिकेतल्या चार्ल्स हॉफमन या हिशेबनीसाने १९९८ मध्ये ज्याची सुरुवात केली ते एक्सबीआरएल आपल्या कंपनी मंत्रालयाने २०१०-११ च्या ताळेबंदांपासून मोठ्या कंपन्यांना सक्तीचं केलं. ताळेबंदातल्या प्रत्येक आकड्याला चिठ्ठी लावायची, म्हणजे यंत्राला तो वाचता येतो. उपयोगाचं आहे, वाद नाही. पण चिठ्ठी लागते ती बेरीज झाल्यावर, आणि यादीत बसत नाही ते 'इतर' मध्ये जातं. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक पडद्यावर सर्वांत जास्त दाबलं जाणारं बटण 'इतर' असतं. कारकून आळशी असतो म्हणून नव्हे. त्याच्याकडे सांगण्यासारखं बरंच असतं आणि यादीला त्यातलं काही ऐकायचं नसतं.

आमचा आराखडा मालकांना दाखवला तेव्हा थोरल्या मालकांनी तो शांतपणे पाहिला. मालकी-ताब्याच्या रेघा त्यांना पटल्या, एका माणसाचं एक खातं तर फारच पटलं. वचनाच्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, "हे कशाला? हे लिवलं तर उद्या बँकेचा माणूस वाचंल, करवाला वाचंल. आन समोरच्या गाळ्यात आमचा पोरगा कामाला गेला तर तोबी वाचंल." धाकटे मालक म्हणाले, मोबाइलवर दिसणार असेल तर ठेवा. दिवाणजी म्हणाले, शेतकऱ्याला दिसणार असेल तर ठेवा, नाहीतर त्याचा शब्द आपल्याकडे आणि आपला त्याच्याकडे नाही, असं होतंय. तिघांचंही खरं होतं. मला तिघांतलं एक निवडण्याचे पैसे मिळत नव्हते, तरी निवडावं लागलं. वचनाची चौकट राहिली, भरणं ऐच्छिक राहिलं, आणि भरलं तर शेतकऱ्याच्या पट्टीवर ते छापलं जाईल अशी सोय केली. थोरल्या मालकांनी महिनाभर ते बंद ठेवलं, मग कधी चालू केलं ते मला सांगितलं नाही.

चौकटीत पिकाचं नाव, अंदाजे पोती, कधी, असे तीन सुटसुटीत रकाने दिले होते. ते फारसे कोणी भरले नाहीत. खाली मोकळ्या मजकुराची एक जागा ठेवली होती, ती मात्र भरून आली. 'पोरीच्या फीसाठी, हळद शिजल्यावर.' 'मागचे मिटवून नवीन, बोलणे झाले.' 'थोरल्या भावाच्या जबाबदारीवर.' 'पाहुण्यांची ४ पोती ह्यांच्या नावावर.' सध्या मी हीच वाक्यं वाचत असते. पहिली तीन आराखड्यात बसतात, थोडं ताणावं लागतं. चौथ्यासाठी दिवाणजींना फोन केला की पोती पाहुण्यांची तर मालकी कोणाची धरू. ते म्हणाले पट्टी ह्यांच्या नावाने होते, पैसे ते दोघं घरी वाटून घेतात, आपला संबंध नाही. संबंध नाही, मग लिहिलं कशाला? "उद्या भांडण झालं तर आमालाच इचारत्यात न्हवं." आमच्या प्रोग्रामरचं म्हणणं, अशा नोंदींसाठी यादीत एक 'इतर' टाकून दे आणि पुढे चल. मी नाही म्हटलंय. शुक्रवारी त्यावर बैठक आहे.